आरंभीच्या मंडळीची उपासना आज कोणापाशीं आहे?

चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांतील खेड्यांत काम करणाऱ्या उपदेशकांकडून एक प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. तो असा कीं, प्रेषितांच्या व त्यांच्या लगतच्या काळांत ख्रिस्ती लोक ज्या रीतीनें देवाची उपासना करीत, ती रीत आजच्या पंथांपैकीं कोणी जशीच्या तशी राखली आहे? प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा असता तर दोन ओळींत उत्तर देऊन आम्ही पुढें गेलों असतों. परंतु तो तसा नाहीं. धानाची रोवणी आटोपून लोक जरा मोकळे झाले कीं बाहेरगांवचे प्रचारक येतात. एक म्हणतो, आमचा बाप्तिस्मा तेवढा प्रेषितांचा. दुसरा म्हणतो, आमची वेदी तेवढी प्रेषितांची. तिसरा म्हणतो, जेथें अन्य भाषा बोलत नाहींत तेथें पहिल्या मंडळीचा आत्माच नाहीं. वीस घरांची मंडळी, तिच्यांत तीन तट पडतात. एकाच विहिरीचें पाणी भरणाऱ्या सख्ख्या बहिणी रविवारीं दोन निरनिराळ्या आंगणांत बसतात. मग एखादें म्हातारें माणूस विचारतें, "पाळकसाहेब, माझ्या बापाला ज्यांनीं बाप्तिस्मा दिला ते खोटे होते काय?" ह्या विचारण्याला जपून उत्तर दिलें पाहिजे.

आधीं साक्षीदार बोलवावे, मग निवाडा. नवा करार ह्या बाबतींत आपल्याला वाटतें त्यापेक्षां थोडें सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायांत चार गोष्टींचा उल्लेख आहे: शिक्षण, सहवास, भाकर मोडणें व प्रार्थना. विसाव्या अध्यायांत त्रोवस येथील सभा आहे. आठवड्याचा पहिला दिवस, रात्रीची वेळ, माडीवरची खोली, पुष्कळ दिवे, आणि पौलाचें लांबलेलें भाषण ऐकतां ऐकतां डोळा लागून खिडकींतून खालीं पडलेला तरुण युतुख. (लांब उपदेश करणाऱ्या आमच्या बंधूंनीं ही गोष्ट अधूनमधून वाचावी.) करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत प्रभुभोजन आहे, चौदाव्यांत गीत, शिक्षण, अन्य भाषा व तिचा अर्थ सांगणें हें आहे. पण आधीं काय व मागून काय, प्रार्थना लिहिलेली कीं तोंडची, बसावें कीं उभें राहावें, भाकर कोणत्या धान्याची, ह्याची यादी कोठेंही दिलेली नाहीं. देवाला ती द्यावयाचीच असती तर लेवीयाच्या पुस्तकांत दिली तशी येथेंही दिली असती.

शास्त्राबाहेरचा पहिला मोठा साक्षीदार ख्रिस्ती नव्हेच. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नांवाचा रोमी सुभेदार पंत व बिथुनिया प्रांतांवर होता. हींच नांवें पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभीं येतात. धर्म सोडलेल्या कांहीं लोकांकडून त्याला जें कळलें तें त्यानें बादशहा त्राजान ह्यास लिहिलें. हे लोक ठरलेल्या दिवशीं उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनें गीत म्हणतात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात करणार नाहीं अशी शपथ वाहतात, मग पांगतात, आणि पुन्हां जमून साधें अन्न खातात. खरें काय तें काढण्याकरितां त्यानें दोन दासींना यातना दिल्या. ह्या दासींना मंडळींत सेविका म्हणत. त्यांच्या तोंडून गुन्हा असा कांहीं निघाला नाहीं. आमच्या बायबल-बायांनीं ह्या दोघींची आठवण ठेवावी; त्यांचीं नांवें सुद्धां प्लिनीनें लिहून ठेविलीं नाहींत.

दुसरा साक्षीदार कित्येक शतकें हरवला होता. 'बारा प्रेषितांची शिकवण' ह्या नांवाचें एक लहान ग्रीक पुस्तक, इ. स. १०५६ सालीं नकललेलें, ब्रायेनिओस नांवाच्या ग्रीक विद्वानास १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडलें व १८८३ सालीं त्यानें तें छापिलें. मूळ लेखन पहिल्या शतकाच्या अखेरीचें किंवा दुसऱ्याच्या आरंभीचें असावें असें बहुतेक विद्वान मानतात. त्यांत बाप्तिस्म्याची रीत आहे ती अशी: वाहत्या पाण्यांत द्यावा, वाहतें नसेल तर दुसऱ्या पाण्यांत, थंड चालत नसेल तर ऊन पाण्यांत, आणि तेंही पुरेसें नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नामानें डोकीवर तीन वेळां पाणी ओतावें. वैनगंगेच्या कांठीं राहणारा, आणि उन्हाळ्यांत कोरड्या नाल्याच्या वाळूंत झिरा खणून पाणी पिणारा, ह्या दोघांचीही ह्या नियमांत सोय आहे. बुडविणें कीं ओतणें ह्यावर आज आमचीं घरें फुटतात. त्या जुन्या मंडळीनें तो प्रश्न पाण्याच्या पुरवठ्यावर सोडविला. त्याच पुस्तकांत भाकरीवर व प्याल्यावर म्हणावयाच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थना लिहून दिल्या आहेत, आणि लगेच म्हटलें आहे कीं संदेष्ट्यांना मात्र वाटेल तितकी उपकारस्तुति करूं द्यावी. म्हणजे लिहिलेली प्रार्थना व मोकळी प्रार्थना ह्या दोन्ही एकाच घरांत नांदत होत्या. त्यांना वेगळें बिऱ्हाड आपण नंतर करून दिलें.

परंतु सर्वांत स्पष्ट साक्ष जस्टिन हुतात्म्याची. शोमरोनांतील नेआपोलिस गांवीं जन्मलेला हा तत्त्वज्ञ सत्य शोधतां शोधतां ख्रिस्ताकडे आला, रोम शहरीं शिकवूं लागला, आणि इ. स. १६५ च्या सुमारास तेथेंच प्राणास मुकला. इ. स. १५५ च्या सुमारास बादशहाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनांत तो रविवारची सभा वर्णन करितो. शहरांतले व खेड्यांतले सर्व एका ठिकाणीं जमतात. हें 'खेड्यांतले' आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावें. प्रेषितांच्या आठवणी, म्हणजे शुभवर्तमानें, किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोंवर वाचले जातात. मग अध्यक्ष बोध करितो. सगळे उठून उभे राहतात व प्रार्थना करितात. प्रार्थनेनंतर चुंबन घेऊन एकमेकांस अभिवादन करितात, असें तो दुसऱ्या एका ठिकाणीं सांगतो. भाकर, द्राक्षारस व पाणी आणतात. अध्यक्ष आपल्या शक्तीप्रमाणें प्रार्थना व उपकारस्तुति करितो. लोक आमेन म्हणतात. सर्वांस वांटणी होते, आणि जे हजर नाहींत त्यांच्याकडे सेवक त्यांचा वांटा घेऊन जातात. ज्यांना ऐपत आहे ते स्वखुषीनें देतात. तें अध्यक्षाजवळ ठेवतात. त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगांवचे पाहुणे ह्यांचा तो सांभाळ करितो.

आणि हें सर्व कोठें? घरांत. सिरिया देशांत फरात नदीच्या कांठीं दुरा-युरोपस नांवाचें उजाड शहर आहे. इ. स. २५६ च्या सुमारास इराणी फौजेनें तें घेतल्यापासून तें वाळूखालीं पडून होतें. १९३१ व १९३२ सालच्या खोदकामांत तेथें एक साधें राहतें घर निघालें. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसें बसतील अशी जागा केलेली, एका टोकास लहानसा ओटा, आणि दुसऱ्या एका खोलींत बाप्तिस्म्याचें कुंड. कळस नाहीं, घंटा नाहीं. आरमोरी किंवा मूल भागांतला आमचा उपदेशक त्या घरांत शिरला असता तर त्याला आपल्या मंडळीचें घर पाहून जितकें ओळखीचें वाटतें तितकेंच तेंही वाटलें असतें, असें आम्हांस वाटतें. भिंतीवरचीं चित्रें मात्र पाहून तो जरा बिचकला असता.

आतां ही मोजपट्टी घेऊन दारें ठोठावूं. दूर जाण्याचें कारण नाहीं. जगांतल्या बऱ्याच परंपरा देवानें ह्या सागवानाच्या जंगलांत आणून ठेविल्या आहेत.

बल्लारपुरास सिरो-मलबार कॅथलिकांचें मुख्य देऊळ आहे. १९६२ सालीं केरळांतून ह्या लोकांनीं चांद्याचें काम हातीं घेतलें, आणि १९७७ पासून हा त्यांचा पुरा धर्मप्रांत आहे. आमच्या पुष्कळ वाचकांस हे म्हणजे इतर रोमन कॅथलिकांसारखेच असें वाटतें. तें बरोबर नाहीं. पोपची सत्ता ते मानतात, पण त्यांची उपासना रोमची नव्हे. ती पूर्वेकडील सिरियाक मंडळींकडून, एदेसा शहराच्या परंपरेंतून आलेली आहे. त्यांच्या प्रभुभोजनाची जी मुख्य प्रार्थना अद्दय व मारी ह्यांच्या नांवानें चालते, ती तिसऱ्या शतकाइतकी जुनी असावी असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. आजपर्यंत अखंड वापरांत राहिलेल्या अशा प्रार्थनांत तिच्याइतकी जुनी दुसरी क्वचितच असेल. तिचें एक आश्चर्य असें कीं, प्रभूनें शेवटल्या रात्रीं उच्चारलेले ते प्रसिद्ध शब्द तिच्या जुन्या हस्तलिखितांत आढळत नाहींत. ती सबंध उपकारस्तुतीच आहे. १५९९ सालीं उदयंपेरूरच्या परिषदेंत गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस ह्यांनीं केरळांतील प्रार्थनापुस्तकें रोमी रीतीप्रमाणें दुरुस्त करविलीं. आणि पुढें चार शतकांनीं, २००१ सालीं, खुद्द रोमनेंच असा निर्णय दिला कीं पूर्वेकडील असीरियन मंडळी ती प्रार्थना त्या शब्दांवांचून म्हणते तरी तिचें प्रभुभोजन खरेंच आहे. तेव्हां शब्दांच्या जुनेपणापुरतें बोलावयाचें तर आम्ही संकोच न धरतां सांगतों कीं, आमच्या दोन जिल्ह्यांत हा मान बल्लारपूरचा आहे. प्रॉटेस्टंट पत्रानें हें लिहूं नये असें ज्यांस वाटेल त्यांनीं खोटें लिहिण्याचा लाभ काय तें आम्हांस कळवावें.

तरीपण त्या प्रार्थनेभोंवतीं जें आहे तें सर्व तितकें जुनें नाहीं. पडदे, पोशाख, मिरवणूक हीं मागाहूनचीं. आणि २०२१ सालीं त्यांच्या धर्मसभेनें असें ठरविलें कीं याजकानें उपासनेच्या पूर्वार्धांत लोकांकडे व उत्तरार्धांत वेदीकडे तोंड करावें. त्यावरून केरळांत एर्नाकुळम-अंगमाली प्रांतांत इतका कलह माजला कीं त्यांचें तेथील मुख्य देऊळच बंद ठेवावें लागलें. आम्ही हें हसण्यासाठीं सांगत नाहीं. सतरंजी कीं खुर्च्या, ढोलकी कीं पेटी, ह्यावर आमच्या मंडळ्या फुटल्या आहेत, आणि आमच्याजवळ तर तेवढी जुनी प्रार्थनाही नाहीं.

ग्रीक व रशियन ऑर्थोडॉक्स लोक म्हणतात कीं आम्ही कांहींच बदललें नाहीं. त्यांची उपासना गंभीर व सुंदर आहे हें खरें; परंतु तिच्यांतलें प्रसिद्ध करूबांचें गीत सहाव्या शतकांत जस्टिन दुसरा ह्या बादशहाच्या वेळीं घातलें गेलें. (हा जस्टिन निराळा.) रोमच्या उपासनेंत विश्वासांगीकार म्हणण्याची रीत जर्मन बादशहा हेन्री ह्याच्या आग्रहानें १०१४ सालीं आली, म्हणजे पेत्रानंतर साडेनऊशे वर्षांनीं. आणि लोकांस न समजणारी लॅटिन भाषा तेथें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत चालली. त्यानंतर रोमनें जुन्याचा शोध घेऊन उपासना नव्यानें रचली, आणि एक प्रार्थना 'प्रेषितीय परंपरा' नांवाच्या पुस्तकाच्या आधारें तयार केली. तें पुस्तक इ. स. २१५ च्या सुमाराचें व रोमच्या हिप्पोलितचें असें तेव्हां बहुतेक सर्व मानीत; आतां त्याचा कर्ता, काळ व गांव ह्या तिन्हींविषयीं अभ्यासक शंका घेतात. जुन्या पायावर घर बांधतों म्हणणाऱ्यानें पाया किती खोल आहे तें आधीं पाहावें लागतें.

आपल्या बाजूच्या लोकांचें काय? चांद्याचें काम स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हातीं घेतलें. येथें पुष्कळ वर्षें काम केलेले अलेक्स वुड हे पुढें १९२६ सालीं नागपूरचे बिशप झाले. ह्या स्कॉटिश मंडळीची एक गोष्ट येथें फारशी कोणास ठाऊक नाहीं. तिचे बिशप टॉमस रॅट्रे ह्यांनीं यरुशलेमच्या मंडळीची प्राचीन उपासना शोधण्यांत आयुष्याचा मोठा भाग घालविला. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मरणानंतर १७४४ सालीं निघाला, आणि १७६४ सालच्या स्कॉटिश प्रभुभोजनविधीवर त्याची छाप पडली. भाकर व द्राक्षारस ह्यांवर पवित्र आत्मा यावा अशी पूर्वेकडील मंडळ्यांची प्रार्थना त्या विधींत आहे ती ह्यामुळेंच. म्हणजे आजचा हा प्रश्न ज्यांनीं आम्हांस बाप्तिस्मा दिला त्यांचे पूर्वजही विचारीत होते, आणि ते आपल्या परी यरुशलेमपर्यंत पोहोंचूं पाहत होते. पोहोंचले काय? रॅट्रे ह्यांना जी याकोबाची उपासना म्हणून मिळाली ती आजच्या समजुतीप्रमाणें चौथ्या शतकाच्या मागें नेतां येत नाहीं.

सिरोंच्याकडे, प्राणहिता गोदावरीला मिळते त्या भागांत, मेथडिस्ट लोक आले. त्यांचे संस्थापक जॉन वेस्ली ह्यांनीं मोरावियन बंधूंपासून प्रीतिभोजनाची रीत घेतली. भाकर व पाणी सर्वांनीं मिळून घ्यावें व देवानें काय केलें तें एकेकानें उठून सांगावें. यहूदाच्या पत्रांत ज्या प्रेमभोजनांचा उल्लेख आहे त्यांची ही आठवण. मेथडिस्टांनींही ही रीत पुढें बहुतेक ठिकाणीं टाकून दिली ही खेदाची गोष्ट आहे, कारण रानांतल्या लोकांस ती जितकी समजेल तितका छापील विधि समजणार नाहीं. गोदावरीच्या मुखाकडे अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज ह्यांच्या प्रेरणेनें १८३६ पासून ब्रदरन बंधूंचें काम चालू झालें. ते दर रविवारीं मेजाभोंवतीं बसून भाकर मोडतात, आणि दीक्षित पाळक नसतांही भाऊ उठून प्रार्थना करितात. करिंथपत्राच्या चौदाव्या अध्यायाशीं त्यांची बैठक पुष्कळ जुळते. जस्टिनच्या अध्यक्षाशीं जुळत नाहीं.

आणि नागपूरचे प्रेस्बिटेरियन? स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांच्या परंपरेचा मूळ पुरुष कॅल्विन. त्यानें जिनिव्हांत दर आठवड्यास प्रभुभोजन असावें असा आग्रह धरला, कारण पहिल्या मंडळीची रीत तीच. नगरसभेनें वर्षांतून चार वेळां इतकेंच दिलें. कॅल्विनला हें शेवटपर्यंत खटकलें. गंमत अशी कीं, त्याच्या अनुयायांनीं त्याचा आग्रह विसरून नगरसभेची तडजोडच परंपरा म्हणून जगभर नेली, आणि ती आमच्या मोहाच्या झाडाखालींही येऊन बसली. वचन व उपदेश आम्हीं राखला, लोकांची भाषा राखली, मोकळी प्रार्थना राखली; पण दर रविवारची भाकर, जी एका बाबतींत सर्व जुने साक्षीदार एकमुखानें बोलतात, ती आम्हांपाशीं नाहीं. आमचा पंथ प्रेषितांचा असें मोठ्यानें सांगणाऱ्या आमच्या बंधूंनीं हें आधीं पचवावें.

तर मग निवाडा काय? सगळें कोणापाशींच नाहीं, आणि अगदींच रिकामें घरही आम्हांस दिसलें नाहीं. हें गोड बोलून वेळ मारून नेणें नव्हे. एका बापाची शेती पांच मुलांत वांटली जाते, तेव्हां एकाच्या हिश्शास विहीर येते, एकाच्या हिश्शास आंब्याचीं झाडें, एकाच्या हिश्शास पाणथळ बांधी. माझीच ती वडिलांची शेती असें प्रत्येकजण म्हणूं शकतो, आणि सगळी शेती माझीच असें एकानेंही म्हणतां कामा नये. १९७० सालीं नोव्हेंबरच्या २९ तारखेस नागपुरास उत्तर हिंदुस्थानची मंडळी स्थापन झाली, तेव्हां सहा मंडळ्या आपापले हिस्से घेऊन एकत्र आल्या. लहान मुलांचा बाप्तिस्मा व जाणत्यांचा बाप्तिस्मा ह्या दोन्ही रीति तिच्यांत मान्य झाल्या. 'बारा प्रेषितांची शिकवण' वाचणाऱ्यास त्यांत कांहीं नवल वाटणार नाहीं.

येथें एक अडचण आहे, व ती ह्या सर्व प्रश्नाच्या मुळाशीं जाते. जुनें तेंच खरें हें आपण धरून चाललों. पण तें तसें आहे काय? करिंथची मंडळी पहिल्या मंडळ्यांपैकीं होती. तिला पौल प्रत्यक्ष भेटलेला होता. आणि त्या मंडळींत श्रीमंत आधींच येऊन जेवत, मजूर व दास दिवसाचें काम आटोपून येईपर्यंत अन्न संपलेलें असे, एक उपाशी राही व एक झिंगे. पौलानें स्पष्ट सांगितलें कीं हें तुमचें जेवण प्रभुभोजनच नव्हे. विधि होता, शब्द होते, दिवस तोच होता, मंडळी प्रेषितानें स्थापलेली होती. आणि तरी ती उपासना उपासना नव्हती. ती कशानें मोडली? रीतीनें नव्हे, तर पानावर बसलेल्या भावाची वाट न पाहिल्यानें. तेव्हां आज कोणी आरंभीच्या मंडळीची हुबेहूब नक्कल केली, दिवे लावून पहाटे जमला, ग्रीक भाषेंत गायला, आणि धाकट्या जातीच्या भावाला दाराजवळ बसविलें, तर त्यानें काय राखलें? करिंथची चूक राखली.

ह्याच न्यायानें भाषेचाही विचार व्हावा. पौल म्हणतो कीं अडाणी माणसाला समजलें नाहीं तर तो आमेन कसा म्हणेल. पहिल्या मंडळीला पवित्र अशी निराळी भाषा नव्हती; बाजारांत जी ग्रीक चाले तीच प्रार्थनेंत, आणि एदेसांत सिरियाक. शेकडों वर्षें लॅटिनमध्यें बोलल्याबद्दल आम्ही रोमला बोल लावतों. पण भामरागडकडील माडिया बाईला आमचें पुस्तकी मराठी लॅटिनपेक्षां फार जवळचें आहे, असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आमचे मराठी लोक नारायण वामन टिळकांचीं गीतें टाळ-मृदंगावर गातात तेव्हां त्यांच्या अंतःकरणांतून आमेन निघतो, कारण अभंग त्यांच्या आजीच्या ओठांवर होता. टिळकांनीं विलायती चाली सोडून जें आपल्या लोकांकरितां केलें, तें गोंडी व माडिया भाषेंत त्या लोकांपैकींच कोणी करावयाचें आहे. सिरोंच्याच्या तेलुगु घरांत मराठी प्रार्थना लादणारे कांहीं उत्साही बंधू आहेत. त्यांनीं तें बंद करावें.

आणखी एक गोष्ट. आम्ही मोजपट्टी घेऊन जितकीं दारें ठोठावलीं तितक्यांत गीत, वचन, प्रार्थना, भाकर ह्यांवर वाद पुष्कळ ऐकले. पण जस्टिनच्या वर्णनांतल्या शेवटच्या दोन गोष्टींवर कोणाचाही वाद ऐकला नाहीं. गैरहजर असलेल्याचा वांटा, आणि विधवेची पेटी. ह्या आमच्यांतच राहिल्या आहेत, आमच्यासारखी पेटी कोणाजवळ नाहीं, असा दावा करणारा प्रचारक अजून आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. कापणीच्या सणाला आमच्या मंडळींत पायलीपायलीनें धान येऊन पडतें, वेदीपुढें ढीग लागतो, लिलांव होतो, पैसे हिशेबांत जमा होतात. तें देऊळ शाकारण्यास, पाळकाच्या पगारास, सभांच्या खर्चास जातें. हीं कामेंही खरीं आहेत. पण त्यांतून गांवच्या विधवेकडे काय गेलें, तेंदूपत्त्याच्या हंगामांत ताप येऊन पडलेल्या मजुराकडे काय गेलें, चंद्रपूरच्या तुरुंगांत असलेल्या भावाच्या बायकोकडे काय गेलें, हा आंकडा वहींत शोधला तर सांपडेल काय? बाप्तिस्म्याच्या पाण्याची खोली मोजणाऱ्यांनीं एकदां ही वही मोजावी.

म्हाताऱ्या बाबांस आमचें उत्तर असें: ज्यांनीं तुमच्या बापाला बाप्तिस्मा दिला ते खोटे नव्हते. त्यांच्याजवळ वडिलांच्या शेतीचा एक हिस्सा होता व तो त्यांनीं प्रामाणिकपणें तुमच्या बापाच्या हातीं दिला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नामानें पाणी घेतलेल्या माणसाला पुन्हां पाणी घेण्याचें कारण नाहीं, मग तें पाणी वैनगंगेचें असो कीं तांब्यांतलें. शेजारच्या आंगणांत बसणारी तुमची लेक दुसऱ्या रीतीनें गात असेल तर गाऊं द्या. पण ती आजारी पडली तर तिच्या घरीं जा.

उपदेशकांस मात्र आम्हांस आणखी कांहीं विचारावयाचें आहे. पावसाळ्यांत नाले भरून पर्लकोटा व इंद्रावती फुगल्या कीं कित्येक गांवांचा रस्ता दिवसच्या दिवस बंद होतो. दीक्षित पाळक एकेकाकडे दहा-बारा गांवें, तो येणार केव्हां? मग गांव महिनोन्‌महिने प्रभुभोजनावांचून राहतो. जस्टिनच्या काळीं सेवक भाकरीचा वांटा घेऊन गैरहजरांकडे जात. पाळकानें एका गांवीं उपकारस्तुति करावी आणि त्याच रविवारीं उपदेशकानें किंवा बायबल-बाईनें तो वांटा नदीपलीकडच्या म्हातारीच्या खाटेपर्यंत न्यावा, ह्यास आमच्या नियमांत काय हरकत आहे, आणि असल्यास ती दूर कशी करतां येईल, हें बिशपांनीं व प्रांतिक सभेनें मनावर घ्यावें. तोंपर्यंत प्रत्येक उपदेशकानें आपल्या गांवीं गेल्या बारा महिन्यांत प्रभुभोजन किती वेळां झालें, व किती जण घरीं पडून असल्यामुळें त्यास मुकले, हें मोजून आम्हांस लिहून पाठवावें. पत्रें आल्यावर गांवांचीं नांवें न देतां तो तक्ता ह्याच पानावर छापूं.